दिवाणजींची सायकल आणि शांतम्माचा हात

उमरग्याच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडतीवर हिशेब लिहिणाऱ्या राजशेखर दिवाणजींचा शब्द प्रमाण मानत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती; तंबाखूला कधी बोट लावलं नव्हतं. असा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर एकाएकी मोटारसायकल सोडून सायकलवर यायला लागला, तेव्हा हमालांनी हसून घेतलं. दिवाणजी म्हणायचे, हौस आहे.

हौस कसली, शुगर निघाली होती. त्यांच्या वडिलांचा पाय याच दुखण्यात काढावा लागला होता. त्यानंतर लोक दारावरून जाताना ज्या नजरेनं आत डोकवायचे, ती नजर दिवाणजींना आपल्या वाट्याला नको होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळी चुकवू नका, सायकल चालवा, पण खाऊन निघा आणि खिशात गुळाचा खडा ठेवा. शुगर एकदम उतरली तर माणूस चालता चालता कोसळतो. दिवाणजींनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. बायको श्रीदेवी रोज खिशात गूळ टाकायची, आणि हे वेशीबाहेर गेले की फेकून द्यायचे.

गावापासून मोंढा दोन कोसांवर. सुरुवातीला धाप लागायची, मांड्या भरून यायच्या. मग अंगात सायकल मुरली. पोट आत गेलं, झोप लागायला लागली, रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरही खूश झाले. दिवाणजींना वाटलं, उपाशीपोटी चालवली तर गुण आणखी लवकर येईल. न्याहारी बंद केली. गोळी मात्र बिनसाखरेच्या चहाबरोबर चालूच. वर हमालांना उपदेश सुरू झाला, की गाड्या विका आणि शरीराकडं बघा.

सोयाबीनचे दिवस होते. लिलावाची वेळ गाठायची म्हणून दिवाणजी हायवेवरून जोरात निघाले होते. ट्रक अंगाला वारा मारून जात होते. फाटा दिसायला लागला तसे हात थरथरू लागले, थंड घाम फुटला. उतरून बसावं असं वाटलं. पण फाट्यावर ओळखीची माणसं होती; त्यांच्यापुढं मटकन खाली कसं बसायचं? त्यांनी पायडल मारणं सोडलं नाही. रस्त्याच्या चांगली बाहेर शांतम्मा नावाची बाई ताकाची घागर घेऊन जीपची वाट बघत उभी होती. सायकल तिच्यावर गेली.

शुद्ध नीट आली तेव्हा दिवाणजी ताकाच्या चिखलात पडले होते आणि चहावाला त्यांना गोड चहा पाजत होता. भोवती मोबाईल धरलेले हात होते. कुणीतरी म्हणत होतं, "सकाळी सकाळीच टाकलीय वाटतं." ते ऐकलं आणि दिवाणजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शुगर म्हणून सांगायला जीभ वळेना. ते बोलून गेले, "बाईच आडवी आली."

शांतम्मा मनगट पोटाशी धरून बसली होती. तिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, पण तोंडातून ब्र काढला नाही.

दुपारी सिदू आडतीवर आला. दिवाणजींच्या हाताखालचा हमाल, दोन लेकरांचा बाप. उशीर का झाला ते सांगताना त्यानं डोक्याचा पटका हातात घेतला. फाट्यावरची बाई त्याची आई होती. हात मोडला होता, पलस्तर घालून आणलं होतं. तो म्हणाला, "आईचं चुकलं, दिवाणजी. मनात ठेवू नका."

खरं बोलायची हीच वेळ होती. दिवाणजी म्हणाले, "असू दे."

त्या दोन शब्दांनी त्यांना संध्याकाळपर्यंत पोळलं. रात्री घरी ताटावर बसले. शेवटी श्रीदेवीला सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "शुगर झाली ह्याची लाज वाटली तुमाला. खोटं बोलायची न्हाय वाटली?"

दुसऱ्या दिवशी लिलावाआधी, सगळे हमाल चहाला जमलेले असताना, दिवाणजींनी सांगून टाकलं: दुखणं, गोळी, उपाशी पोट आणि ते खोटं. मान वर करून बोलायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. सिदू पोत्याचं तोंड शिवत होता. सुतळी ओढत म्हणाला, "मला कशाला सांगता? आईला सांगा."

दिवाणजी सिदूच्या घरी गेले, तेव्हा शांतम्मानं त्यांना बाजेवर बसवलं. ती म्हणाली की आपल्याला ठाऊक होतं. सायकल अंगावर आली तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत दिवाणजी नव्हते.

"मग तिथंच का बोलला न्हाईत?" दिवाणजींनी विचारलं.

"लेकरू तुमच्या हाताखाली हाय."

दिवाणजींनी खिशातलं पाकीट काढलं. दवाखान्याचं सगळं आपण बघतो म्हणाले, तर ती म्हणाली, ते बघालच. "पण फाट्यावर समदे म्हनत्यात, म्हातारीला गाडी दिसत न्हाय. म्या आडवी आले न्हवते, एवढं तिथं जाऊन सांगा."

ते गेले. चहावाल्यासमोर, मोबाईल धरणाऱ्यांसमोर हात जोडून सांगितलं. एकजण हसला, बाकीचे गप्प झाले. त्या हसण्यापेक्षा ते गप्प होणंच दिवाणजींना जड गेलं.

सायकल त्यांनी सोडली नाही. आता भाकरी खाऊन निघतात, डब्यात गूळ उघडपणे ठेवतात आणि हायवे टाळून शिवारातल्या कच्च्या वाटेनं जातात. कुणी विचारलं तर शुगर आहे म्हणून सांगतात. फाट्याजवळ मात्र रस्ता ओलांडावाच लागतो. तिथं उतरून सायकल हातात धरून चालतात. शांतम्माचं मनगट जुळलं, पण जरा वाकडंच. घागर ती आता डाव्या हातानं उचलते. दिवाणजी थांबून नमस्कार करतात. कधी ती मान हलवते, कधी रस्त्याकडंच बघत राहते.