पायावरची झोप

मी चार मुलं वाढवली. तान्ह्या जिवाला कधी काय कळू लागतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. महिनाभर ते नुसतं उजेडाकडे बघतं, मग आईच्या तोंडावर नजर ठरते. पुढे स्वतःचीच मूठ सापडते, तिच्या कौतुकात बरेच दिवस जातात. पाचव्या महिन्याच्या सुमारास मागून हाक मारली की मान वळते. कुणाची थोडी उशिरा, पण वळते.

लढाईच्या दिवसांत एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी जळगावहून माहेरी गेले, धुळ्याजवळचं खेडं. धाकट्या भावाचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. डोळे असे तल्लख, की कुडावरची पाल आधी त्यालाच दिसायची. माझ्या आईला तर दुधापेक्षा साय गोड. येईल त्या बाईला ती सांगे, "मन्हा नातू वव्या आयकस. गानं थांबनं का लगेच डोया उघाडस."

खरंच तसं होई. वहिनी दळायला बसली की पसरलेल्या पायावर त्याला निजवी, आमच्याकडे सगळ्याच निजवतात. ओवी चालू असेतो पोर गाढ झोपे. ओवी आणि जातं एकदमच थांबत, आणि हा जागा.

आखाजीच्या झोक्यावर गाऊन गाऊन माझा घसा बसला होता. सकाळी वहिनी पाण्याला गेली, म्हणून त्याला पायावर घेऊन मीच दळायला बसले. तोंडातून शब्द फुटत नव्हता, तरी तो झोपला. जातं थांबवलं, तसे डोळे उघडले. मग माझ्या ध्यानात आलं. दळताना पाय हलतो, त्या हलण्यावर तो झोपत होता.

त्याला खाली बसवून मी पाठीमागून तांब्यावर पळी वाजवली. मान वळली नाही. पुन्हा जोरात वाजवली. तो आपला जात्याच्या खुंट्याकडे बघत होता.

आमच्या भाऊबंदांत एकीला आंधळी मुलगी झाली, तेव्हा तिला माहेरी धाडून दुसरी आणली होती. ती दुसरी बघायला माझी आईच पुढे होती.

वहिनी हंडा घेऊन आली. माझ्या हातातली पळी तिनं पाहिली, हंडा उतरवला आणि दार लोटून घेतलं.

"माले ठाऊक शे, अक्का," ती म्हणाली. "चौथा महिनापाइन ठाऊक शे."

"मंग गास कसाले?"

"सासूबाई आयकतस ना."

ओसरीवर आईच्या खोकण्याचा आवाज आला. वहिनीनं पोराला पायावर घेतलं. मी समोरून खुंट्याला हात लावला आणि बसलेल्या घशानं, होईल तितक्या मोठ्यानं, पहिली ओवी मीच म्हटली.