आत्याचा डावा हात

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे चेंगट म्हणतात, आणि सगळ्यात जास्त मी. दातांच्या कॉलेजात हिचं ड्रिल दाढेला टेकेपर्यंत बाकीची मुलं आवरून चहाला जायची. परीक्षेत दिलेल्या वेळेत दाढ मुळापर्यंत कोरली नाही, तर पेशंटला हात लावू देणार नाही, वर्ष गेलं समज, असं सरांनी बजावलं होतं.

सराव करायचा तो माणसांच्या काढलेल्या दातांवर, प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवून. चांगले दात मिळता मिळत नाहीत. आमच्या आत्याच्या हलत्या दाढा काढाव्या लागल्या, तेव्हा हिला लॉटरीच लागली. किडीचा डागसुद्धा नव्हता. आईमागे आत्यानेच आम्हाला वाढवलं, ती कशाला नाही म्हणणार?

पहिल्या दिवशी चेंगट आतल्या खोलीत दार लावून बसली. ड्रिल घरघरलं, आणि स्वयंपाकघरात भांडी विसळणाऱ्या आत्याचा डावा हात हळूच वर गेला. खुर्चीतल्या पेशंटला सांगतात ना, दुखलं तर डावा हात वर करा, अगदी तसा.

"काय गं झालं?"

"दाढ दुखतेय."

"कुठली दाढ? आहे कुठे ती?"

तिने बंद दाराकडे पाहिलं. मी धावत जाऊन ड्रिल थांबवलं. हात खाली आला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा वर. "ही काय थेरं लावलीस?" मी आत्यावरच खेकसले. पण ती बिचारी स्वतःच घाबरली होती.

चेंगट मात्र रोज तिला समोर बसवून ठोकळ्यातली दाढ कोरू लागली. मला त्या खोलीत पाऊल टाकवत नसे. हिचा हात सुटत गेला, वेग आला. पण आत्याचा हात वर झाला की ही थांबायचीच. आत्या बाजारात असली तरी हिला कळायचं. "हात वर झालाय," म्हणायची आणि ड्रिल खाली ठेवायची.

परीक्षेला ती शेवटची दाढ घेऊन गेली. वेळ झाली तशी इकडे घरी आत्या खुर्चीत बसली आणि डावा हात तिने मांडीखाली दाबून धरला. थोड्याच वेळात तो हात धडपडू लागला. खुर्ची हलायला लागली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, रिकाम्या हिरडीतून रक्त ओठावर आलं होतं.

"काढ तो हात!" मी ओरडले.

"ती थांबेल गं. वर्ष जाईल तिचं."

मी फार घाबरले होते. तरी तिच्या खांद्यांवर दोन्ही हातांनी भार देऊन उभी राहिले.

संध्याकाळी चेंगट उड्या मारत आली. वर्गात सगळ्यांच्या आधी तिचीच दाढ झाली होती. "आत्या, आज हात एकदाही वर झाला नाही! दुखलंच नाही ना? आता मला माणसांची भीती नाही."

आत्याने काळीनिळी पडलेली बोटं शालीखाली घेतली. "कळलंसुद्धा नाही बघ."

उद्यापासून तिच्यापुढे जिवंत माणसं बसणार होती. "खरंच ना गं ताई?" तिने मला विचारलं.

मी हो म्हणाले.