मनगटाचा गिअर

आमच्या घरी गाडी आली तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. फिकट निळ्या रंगाची, आधी दोघा-तिघांच्या हाताखालून गेलेली ती गाडी. पुढे बाकासारखी सलग सीट, आणि गिअरचा दांडा खाली पायाशी नाही तर स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला.

हा दांडा भयंकर घट्ट होता. पहिल्यातून दुसऱ्यात जायचं म्हणजे माझे यजमान आधी श्वास रोखायचे, मग सीटवरून अर्धवट उठायचे आणि "हुप्प!" करून दांडा ओढायचे. त्यांचं कोपर शेजारी बसलेल्याच्या बरगडीत जायचं. शेजारी बहुतेक मीच असायची. गाडी वळणाशी आली की गल्लीतली पोरं आधीच एका सुरात "हुप्प!" करून घ्यायची.

"गॅरेजात दाखवा ना एकदा," मी म्हणायची.

"गॅरेजवाले खोलून ठेवतात, मग महिनाभर बसा बोंबलत," ते म्हणायचे. "अवं, नवी सून अन् जुना गिअर, दोघांलेही रुळायले वेळ लागते." हे वाक्य ते पाहुण्यांसमोरही म्हणायचे आणि मी हसावं अशी त्यांची अपेक्षा असायची. संध्याकाळी त्यांच्या डाव्या मनगटाला बाम चोळायचं काम मात्र माझ्याकडेच होतं.

मला गाडी शिकायची होती. त्यांची ना नव्हती. मोठ्या उदारपणे ते म्हणायचे, "शिक ना. पण गिअर पडन काय तुह्याच्यानं? त्याले मनगट लागते, मनगट." आणि बाही सरकवून मनगट दाखवायचे. बामाचा वास यायचा.

संक्रांतीच्या आधी माझी नणंद माहेरी आली. ती नरखेडकडे संत्र्याच्या बागेत दिलेली, माझ्याच वयाची, आणि खोडकरपणात माझ्याहून दोन पावलं पुढे. स्टेशनवरून घरी येईपर्यंत तिनं भावाचं कोपर दोनदा खाल्लं. घरी उतरल्यावर बरगडी चोळत मला म्हणाली, "वहिनी, हा दांडा आपण नीट करू. पण दादाले सांगाचं नाई."

"आपल्याला कुठे येतं?"

"दादाले तरी कुठं येते?"

हा मुद्दा बिनतोड होता.

पहिला प्रयोग सोपा होता. दुपारी घरात कोणी नसताना आम्ही दांडा जिथून आत जातो त्या फटीत खोबरेल तेल सोडलं. बाटलीतलं तेल थिजलेलं होतं म्हणून ती आधी उन्हात ठेवून पातळ करून घेतली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. थिजलेलं तेल उन्हानं पातळ होतं, तर ते थंडीत पुन्हा काय होईल, हा प्रश्न सातवीच्या मुलींना मी घातला असता. स्वतःला मात्र घातला नाही. तेल ओतल्यावर दांडा थोडा हलला, आम्ही एकमेकींना टाळी दिली.

जानेवारीतली नागपूरची पहाट. सकाळी यजमान ऑफिसला निघाले. दांडा धरला, श्वास रोखला, उठले, "हुप्प!" केलं. दांडा तसूभरही हलला नाही. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्या वेळी त्यांची टोपी मागच्या सीटवर पडली. शेवटी गाडी कशीबशी दुसऱ्यात अडकली आणि त्याच गिअरात, कण्हत कण्हत, सदर भागातल्या त्यांच्या ऑफिसापर्यंत गेली. संध्याकाळी ते म्हणाले, "थंडीनं गाडीले संधिवात झाला." आणि उजवं मनगटही बामासाठी पुढे केलं, कारण त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात लावले होते.

"आता माघार नाई," नणंद स्वयंपाकघरात पुटपुटली.

संधी चालून आली. ऑफिसच्या जीपनं यजमान कुहीला दौऱ्यावर गेले आणि गाडी अंगणात राहिली. नणंदेनं कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानातून डबीभर ग्रीस आणलं. दुकानदारानं विचारलं, बाईमाणसाला ग्रीस कशाला? गाडीचं नाव काढलं तर संध्याकाळपर्यंत दादाच्या कानावर जाणार, म्हणून ती बोलून गेली, "पाळण्याच्या कड्या करकर वाजतात."

जेवणं झाली, सासूबाई आडव्या झाल्या आणि आम्ही बॉनेट उघडलं. नणंद आत बसून क्लच दाबून दांडा हलवायची, मी वाकून खाली कुठे काय हलतं आणि कुठे अडतं ते पाहायची. स्टिअरिंगच्या खांबाबरोबर एक सळई खाली उतरत होती, तिला खाली दुसरी आडवी सळई जोडलेली, आणि तीच पुढे गिअरपेटीकडे गेलेली. वरची सळई बिचारी वळायला बघत होती. जोडावर येऊन अडत होती. तिथं धूळ आणि तेल यांचा मातीच्या गोळ्यासारखा काळा गठ्ठा झाला होता.

"घासलेट आण," नणंद म्हणाली. घासलेटात बुडवलेल्या फडक्यानं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं आम्ही तो गठ्ठा खरवडत बसलो. खरवडता खरवडता आतून रबर दिसायला लागलं. सायकलच्या ट्यूबची एक लांब पट्टी जोडाभोवती घट्ट गुंडाळून वर तारेनं आवळली होती. तेल पिऊन ती फुगली होती आणि जोडाला हलू देत नव्हती.

"हे कंपनीतून येते काय?" मी विचारलं.

नणंदेनं तारेची गाठ निरखून पाहिली आणि मोठ्यानं हसत सुटली. "अवं, ही गाठ दादाची हाय! लहानपणी पतंगाले अश्शीच मारे. सुटे नाई, कापावीच लागे."

आम्ही तार कापली, पट्टी सोडवली, जोड धुतला, पुसला आणि डबीतलं ग्रीस बोटांनी आतपर्यंत भरलं. खोबरेल तेल जिथं घातलं होतं तिथंही घासलेटाचा हात फिरवला. नणंद आत बसली आणि दांडा खाली ओढला. तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला. तिनं वर केला, खाली केला, पुन्हा वर केला, आणि आम्ही दोघी लहान पोरींसारख्या खिदळायला लागलो.

त्याच वेळी फाटक वाजलं. हळदीकुंकवाचे दिवस. दारात सायकलच्या दुकानदाराची बायको, भरजरी पातळ नेसून उभी. आमचे हात कोपरापर्यंत काळे. माझ्या कपाळावरही पट्टा उमटला होता, हे मला नंतर कळलं.

आवाजानं सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी उघडं बॉनेट पाहिलं, आम्हाला पाहिलं, पाहुणीला पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "या ना बाई. पोरी काजळ पाडून राहिल्या घरी. आजकाल विकतचं डोळ्याले लागते."

"एवढं काजळ?" पाहुणीचे डोळे विस्फारले.

"आमचा गोतावळा मोठा हाय," सासूबाई म्हणाल्या आणि तिला हात धरून आत घेऊन गेल्या.

पाहुणी जाताना माझ्याकडे पाहून गोड हसली. "समजलं हो सारं. काजळ पाडून राहिल्या, पाळणा काढला. तीळगूळ घ्या अन् जपून राहा!" मी तोंड उघडायच्या आत ती फाटकाबाहेर होती.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "कोणचा पाळणा वं?"

नणंदेनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हंजे बाळंतपण गाडीचंच झालं म्हना!" मग गाडीत शिरल्या, दांडा खालीवर करून पाहिला आणि म्हणाल्या, "त्याले सांगू नका. पाहू दे त्याचं मनगट."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी पडद्याआडून बघत होतो. यजमान गाडीत बसले. श्वास रोखला, अर्धवट उठले आणि सगळं बळ लावून दांडा ओढला. दांडा सुळकन गेला आणि त्यांचा तोल जाऊन ते सीटवर आडवे झाले. कोपर हॉर्नवर पडलं. हॉर्न वाजत राहिला. शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. मग ते उठून बसले, दांड्याकडे पाहिलं, स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्यात इतका अभिमान होता की नणंदेनं पदर तोंडात कोंबला.

संध्याकाळी ते शीळ घालतच घरी आले. जेवताना म्हणाले, "मी काय म्हणत होतो? सवय लागते हाताले. आज लोणी होता गिअर, लोणी! कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्याही ध्यानात आलं. थांबवून म्हणतो कसा, बधाई हो साहेब."

मी वाढता वाढता थांबले.

"म्हणतो, आता गाडी जपून चालवा, गचके नका बसू देऊ. मी म्हटलं, अरे गचके आता कायचे? वर्षभराची मेहनत हाय माही."

नणंदेला ठसका लागला. सासूबाईंनी तिच्या पाठीवर थापा मारल्या, पण हसू त्यांच्याही पोटात मावत नव्हतं. "मंग? काय म्हणाला थो?"

"म्हणाला, देवाची कृपा. पेढे मागत होता. गिअरचे काय पेढे द्याचे?"

मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले आणि माठाला डोकं टेकवून हसले.

हे आणखी काही दिवस चाललं असतं. पण रविवारी ते अंगणात गाडी पुसत असताना शेजारचे वकील फाटकाशी आले आणि यजमानांचं व्याख्यान सुरू झालं. गिअर गाडीत नसतो, मनगटात असतो, असं काहीतरी. नणंद पायरीवर तीळ निवडत होती. ती उठली.

"दादा, मी पाहू काय एकदा?"

"पाहा ना. हात दुखला तं रडू नको."

ती बसली. क्लच दाबला आणि करंगळीनं दांडा खाली, करंगळीनं वर. वकीलसाहेब "वा!" म्हणाले. मग सासूबाई येऊन तिच्या जागी बसल्या. त्यांच्या हातात तिळाचं ताट होतं, ते त्यांनी उजव्या हातात तोललं आणि डाव्या हातानं गिअर टाकून दाखवला.

यजमानांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्यांनी फडकं टाकलं, बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं. हात फिरवत एकेक जोड चाचपला. मग आतूनच ते ओरडले, "अरे, माही ट्यूब कुठं गेली?"

नणंद पुन्हा तीळ निवडायला बसली.

"कोणची ट्यूब रे बाप्पा?" सासूबाईंनी अगदी निरागसपणे विचारलं.

त्यांचं डोकं हळूहळू बाहेर आलं. गाडी घरी आणली त्याच आठवड्यात सळई खडखड वाजते म्हणून त्यांनी ती पट्टी बांधली होती, आणि बांधून साफ विसरले होते. वर्षभर ते आपल्याच गाठीशी कुस्ती खेळत होते. वकीलसाहेबांना अचानक घरी काम आठवलं.

मला वाटलं, आता चिडणार. कान लाल झाले होते त्यांचे. आत जाऊन ते तांब्याभर पाणी प्यायले, परत आले, बॉनेटला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "ग्रीस कोणचं भरलं?"

"पाळण्याचं," मी म्हणाले आणि मग सायकलवाल्याच्या बधाईचा खरा अर्थ त्यांना सांगावा लागला. आधी त्यांना कळेना. कळलं तेव्हा ते मटकन पायरीवर बसले. "वर्षभराची मेहनत म्हणालो ना गा मी त्याले," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मग जे हसायला लागले ते थांबेचनात. पुढचे दोन महिने ते सायकलवाल्याच्या गल्लीतून न जाता लांबून वळसा घालून ऑफिसला गेले. सासूबाईंनी त्याच्या बायकोला जाऊन खरं काय ते सांगितलं. तिनं त्यावर विश्वास ठेवला असं मला कधीच वाटलं नाही.

गाडी त्यांनी मला शिकवली. शिक्षक म्हणून ते वाईट होते. मैदानावर समोर एक गाय दिसली तरी "ब्रेक! ब्रेक!" करून डॅशबोर्ड धरायचे. सळई पुन्हा खडखडायला लागली होती, पण तिच्यावर पट्टी बांधायचं नाव कोणी काढलं नाही.

लायसन्स मिळाल्यावर एका संध्याकाळी मी एकटीच गाडी घेऊन सदरला गेले आणि त्यांच्या ऑफिससमोर उभी राहिले. त्यांचे सहकारी घोळक्यानं बाहेर पडत होते. बाईला स्टिअरिंगवर बघून सगळे थबकले. हे पुढे आले, डावीकडचं दार उघडून आत बसले, आणि काच खाली करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मीच तयार केलं हिले. मनगट पाहा कसं झालं!"

मी गाडी पहिल्यात सुरू केली. कोपर थोडं सैल सोडलं आणि दुसरा गिअर टाकताना ते त्यांच्या बरगडीत बसेल याची काळजी घेतली.