गाऱ्हाण्यावर सोडलेली बुडी

आमच्या वाडीची तळी कधी आटत नसे, आणि हीच तिची अडचण होती. आसपासच्या तळ्या मे महिन्यात तळ दाखवत. लोक घमेली घेऊन उतरत आणि गाळ उपसून मोकळे होत. आमच्या तळीला मात्र तळाशी जिवंत झरा. त्यामुळे पाण्यात जे पडलं ते तिथेच राहिलं: फुटक्या घागरी, गंजलेले डबे, बाटल्यांच्या काचा, कुणी भिजत टाकून विसरलेली जाळी. पोहायला उतरलेल्याचा पाय कापल्याशिवाय वर्ष जात नसे.

माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. साठ साल अजून उजाडायचं होतं. आमचे हे गलबतावर खलाशी. मुंबईच्या गोदीत लोखंडी टोप घालून उतरणारे पाणबुडे त्यांनी पाहिले होते, आणि बुड्या मारून तळी साफ करायचं खूळ तिथूनच आलं. आमच्याकडे टोप होता तो भाताचा. तेव्हा ह्यांनी नियम केले. उतरणाऱ्याच्या कमरेला काथ्याचा दोर, दोराला वर दोन माणसं, एका वेळी एकच बुडी, आणि जेवून किंवा पिऊन कोणी यायचं नाही. दारूबंदी असल्यामुळे गावात अर्थातच कोणी पीत नव्हतं. म्हणून प्रत्येकाच्या तोंडाचा वास घ्यायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. पहिल्याच फेरीत तिघे घरी गेले. त्यांतला एक माझा सख्खा चुलतदीर होता.

राहिला प्रश्न वेळेचा. बुडालेल्याला कधी ओढायचं? घड्याळ मुंबईहून सुटीवर आलेल्या एका चाकरमान्याकडे होतं, पण तो ते पाण्याच्या वाऱ्यालाही उभं करीना. तेवढ्यात गावकार, म्हणजे आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालणारे मानकरी, अडून बसले. गाऱ्हाणं घातल्याशिवाय तळीत कोणी उतरायचं नाही, तेही प्रत्येक बुडीला वेगळं. ह्यांना ते फारच आवडलं. आमच्या पडवीत घंगाळ भरलं, ह्यांनी त्यात तोंड बुडवलं आणि गावकारांनी गाऱ्हाणं घातलं. शेवटी सगळ्यांनी मिळून एकदाच म्हणायचं ‘व्हय म्हाराजा’ झालं तरी ह्यांचा श्वास शिल्लक होता. ठरलं. गाऱ्हाणं संपलं, सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, की दोर ओढायचा.

सकाळी झकास चाललं होतं. आम्ही बायका पायऱ्यांवर वर आलेला माल निवडत होतो. एका सासुरवाशिणीची हरवलेली, तिने माहेरी पोचवली म्हणून गाजलेली कळशी निघाली आणि तिच्या सासूचं तोंड बघण्यासारखं झालं. हसून हसून माझं पोट दुखलं.

मग हे उतरले. एव्हाना काठावर सारे चाकरमानी जमले होते, आणि एवढे श्रोते बघून गावकारांना सुरसुरी आली. वाडीचं झालं, गुराढोरांचं झालं, ते मुंबईत शिरले. ‘हो जो मिलात आसा, तेका बढती मिळांदे. हो जो गोदयेत आसा, तेची पाठ सांभाळ.’ ज्याचं नाव निघे तो खूश होऊन आणखी मान लववी. दोरवाले दोघेही डोळे मिटून उभे. गाऱ्हाण्यात मध्ये बोलायचं नसतं, नाहीतर मागणं फुकट जातं. आणि बायकांनी तर मुळीच नाही.

मी पाण्याकडे बघत होते. बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. गावकार गिरगावात पोचले होते. मी पायरीवरून उठले. देव, मान, सासूबाई, सगळं विसरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “व्हय म्हाराजा!”

सवय मोठी वाईट. सारा काठ मागोमाग म्हणाला, “व्हय म्हाराजा!” आणि दोरवाल्यांनी डोळे उघडायच्या आधी दोर ओढला. तो ताणला, अडला, मग सुटला. हे वर आले ते निळे पडलेले, पायाला जुन्या जाळ्याचं भेंडोळं. बराच वेळ नुसते खोकले. मग म्हणाले, “गावकारानू, तुमी मुंबैक पोचलास, मी हयच रवलंय.”

कोणी हसलं नाही. मी रडत होते, चारचौघांत, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. कोणीतरी पुटपुटलं, “बायलमाणसान गाऱ्हाण्यात तोंड घातला.” गावकारांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते खाली बसून ह्यांच्या पायातलं जाळं सोडवत होते.

काम अर्धं पडलं होतं. पुढचा बुडी मारणारा शेजारचा तरणाताठा रापणकार, रापणीचं मोठं जाळं ओढणारा गडी. त्याने दोर कमरेला बांधला आणि तसाच उभा राहिला. “वयनी गावकारांच्या वांगडा उबी रवतली तर उतरतंय,” तो माझ्याकडे बघत म्हणाला, “नायतर नाय.”

सगळे गावकारांकडे बघू लागले. ते उठले, धोतराला हात पुसले आणि आपल्या उजव्या बाजूला, जिथे मानकऱ्यांखेरीज कोणी उभं राहत नसे, तिथली माणसं बाजूला सारली.

“ये गो, हयसर उबी रव,” ते मला म्हणाले. “मी देवाक बघतंय, तू पाणी बघ.”

रापणकाराने बुडी घेतली. गावकारांनी सुरुवात केली, माना खाली गेल्या. मी ओल्या पदराने डोळे पुसले आणि बुडबुड्यांवर नजर ठेवली. ते विरळ होऊ लागले तसं मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.” गावकार अर्ध्या वाक्यावर थांबले, आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच माझ्यामागून म्हटलं, “व्हय म्हाराजा.”