काकूंनी भांडण सोडलं

माझ्या काकांचं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे. काका दातांत बारीक खिळे धरून हातोडी चालवतात, काकू समोरच्या मशीनवर कव्हरं शिवतात आणि दिवसभर दोघांची जुंपलेली असते. तोंडात खिळे असताना काका भांडतात कसे, देव जाणे.

मध्यंतरी काकांच्या छातीत भरून आलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर काकूंना म्हणाले, "हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचतेय. गोळ्या देतो. पण सारखा ताण राहिला, की रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्यांना आतून इजा होते आणि आजार भराभर पुढे सरकतो. जपा त्यांना."

घरी येऊन काकूंनी मला दम भरला, "आजपासून ह्यांना उलट बोलायचं नाही. हे रात्र म्हणाले, तर रात्र."

मग काय, घरात नुसती साखरपेरणी. काकांनी एका सोफ्याला पट्ट्यापट्ट्यांचं कापड लावताना एका बाजूला पट्टे उभे घेतले आणि दुसऱ्या बाजूला आडवे. काकू म्हणाल्या, "किती छान दिसतंय." मला हसू फुटलं, तर काकूंनी असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

पण काका उतरत चालले. जेवण तुटलं, झोप उडाली. पुढच्या तपासणीत रक्तदाब आधीपेक्षा जास्त निघाला.

"गोळ्या घेताय ना? मग ताण कसला?" डॉक्टरांनी विचारलं.

काका पडेल आवाजात म्हणाले, "खरं सांगून टाका डॉक्टर. माझे किती दिवस उरलेत?"

"हे कुणी डोक्यात भरवलं?"

"भरवायला कशाला हवं? हिनं जन्मात कधी माझं कौतुक केलं नाही. आता मुद्दाम पट्टे उभे-आडवे लावून पाहिले, तरी छान म्हणते. माणूस जायला टेकल्याशिवाय बायको असं बोलते का?"

डॉक्टर हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. "गोळ्या घ्या, रोज चाला, ही भीती सोडा. कुठेही जात नाही तुम्ही."

"मुद्दाम?" काकू उभ्या राहिल्या. "चांगलं कापड मुद्दाम नासलंत? मी इथे जीव मुठीत धरून, जीभ चावून दिवस काढतेय, आणि तुम्ही परीक्षा घेताय माझी?" डोळ्यांना धार लागलेली आणि तोंड थांबायला तयार नाही.

डॉक्टरांनी पुन्हा काकांच्या दंडाला पट्टी गुंडाळली. "काकू, मोजेपर्यंत जरा गप्प बसा."

"बोलू द्या हो तिला," काका म्हणाले आणि डोळे मिटून निवांत मागे टेकले. रक्तदाब उतरला होता.