पोरीची पानथरी

आता म्हणे तोंडातून नळी आत सोडतात आणि फुगलेल्या शिरा तिथल्या तिथं बंद करतात. लहान पोरांच्यासुद्धा. शेजारच्याचा नातू तसं करून घरी आला आणि दारात गोट्या खेळत बसला. मी त्याच्याकडं बघत राहिलो.

तरुणपणी मी गिरणीत मागावर होतो, राहायला शुक्रवार पेठेत. माझी थोरली पोरगी सात वर्षांची. डाव्या बरगडीखाली तिची पानथरी वाढलेली, हाताला दगडासारखी लागायची. पोट पुढं, हातपाय काटक्या. गल्लीतली पोरं नगारा म्हणायची, तर ही पोट वाजवून दाखवायची.

उन्हाळ्यात तिला डांबरासारखं काळं परसाकडं व्हायला लागलं. माझी आई खूश. "पानथरी सुटली. घाण पडतीया, पडू दे." वर तिनं एरंडेल पाजलं. मलाही पटलं, कारण पानथरी खरंच हाताला लहान लागत होती. पण पोरगी पांढरी पडत चालली, आणि दुसऱ्या दिवशी रक्ताची उलटी झाली. पितळीभर, गाठीच गाठी.

टांग्यातनं दवाखान्यात नेली. डॉक्टरनं तिची पापणी ओढून बघितली.

"शौचाला काळं होत होतं?"

"व्हय. घाण पडली पानथरीची."

"घाण नव्हे, रक्तच ते. पोटात मुरून काळं होतं. हिच्या अन्ननळीतल्या शिरा फुटल्यात."

"मग बांधा की त्या."

"तिथवर हात पोचत नाही, बाबा."

मी हटून बसलो. "ज्याचा पोचतो त्याचं नाव सांगा. मुंबैला नेतो."

तो रागावला नाही. "मुंबईलाही कोणी नाही. हलवलीत तर वाटेतच जाईल. तोंडात बर्फ धरा. खायला काही देऊ नका."

बर्फ भुशात गुंडाळून आणायचो. येईपर्यंत निम्मा पाणी झालेला असायचा.

"आबा, भाकरी दे की."

"न्हाय, बाय."

"चतकोर."

"न्हाय म्हनलं न्हवं?"

"मग ह्यो बर्फ तूच खा."

आई पदराखाली दूधभाकरी कुस्करून घेऊन आली. मी दारात आडवा झालो.

"लेकराला उपाशी मारतूस व्हय रं?"

"आय, तू भायेर बस."

मी कुणाचं ऐकणारा माणूस नव्हे, पण त्या डॉक्टरचं ऐकलं. पोरीला उपाशी ठेवण्यापलीकडं माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. ती रडायची, मग रडायचीही थांबली.

सकाळी डॉक्टर म्हणाला, "रक्त थांबलंय. चमचाभर दूध देऊन बघा." मी आईला सांगायला बाहेर धावलो. आई वाटी घेऊन आली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पहिला चमचा ओठाला लावला, तर दूध गालावरनं खाली उतरलं. पोरीच्या छातीवर माझा हात होता. आत काही हलत नव्हतं. आई दुसरा चमचा भरत होती. तिला मी अडवलं नाही.