मावशीने मिळवलेला पाचवा अंक

नकार ऐकू न येण्याचा आजार जगात कुणाला असेल, तर तो कळंबोलीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या मावशीला होता. बाकी कान शाबूत. वरच्या मजल्यावर कुणाची डाळ खाली लागली हेसुद्धा ती कुकरच्या शिट्टीवरून सांगायची. पण ‘नाही’, ‘बंद आहे’, ‘उद्या या’ हे शब्द तिच्यापर्यंत पोचतच नसत. दवाखान्यातला कंपाउंडर “डॉक्टर जेवतायत” म्हणाला, तेव्हा ती सरळ आत गेली आणि “तुम्ही जेवा सावकाश, मी नुसती जीभ दाखवते,” म्हणून त्यांच्या डब्यासमोर उभी राहिली. सोसायटीच्या सेक्रेटरीने गच्चीत पापड वाळत घालायला बंदी केली, तर त्याच दुपारी हातात काठी देऊन तिने त्यालाच कावळे हाकायला बसवलं. तिचे यजमान लोखंड बाजारात नोकरीला. ते म्हणत, “बाजारातलं लोखंड तरी तापवलं की वाकतं.”

तिचा सगळा जीव थोरल्या भावावर, म्हणजे माझ्या मामांवर. साताऱ्याकडच्या हौशी नाटकांत मामांनी उमर घालवली. एका जुन्या शोकांतिकेत ते म्हातारा राजा व्हायचे. राजाच्याच हुकमाने त्याचा मुलगा मारला जातो आणि पाचव्या अंकात तो मुलाचं डोकं मांडीवर घेऊन विलाप करतो. तो प्रयोग टीव्हीवाल्यांनी चित्रित करून नेला. पुढे मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते मावशीकडे खिडकीशी बसून असत. अशात पेपरात आलं, की ते नाटक रविवारी दुपारी दाखवणार. मामांचा आवाज दुसरीकडे कुठेच टिपलेला नव्हता.

रविवारी अख्खा मजला मावशीच्या सतरंजीवर जमला. चौथा अंक संपला आणि वीज गेली. सगळ्यांनी हळहळून घेतलं. मावशीने चपला घातल्या.

“दादा, ऊठ.”

मामांनी हातानेच ‘जाऊ दे’ म्हटलं. तोवर तिने त्यांना जिन्यात आणलं होतं. मी मागोमाग धावलो. रिक्षा थांबली ती ट्रक टर्मिनलजवळच्या ढाब्यावर, कारण तिथे जनरेटर होता. टीव्हीवर क्रिकेट चालू, समोर पंधरावीस ड्रायव्हर.

“चॅनेल बदला,” मावशी म्हणाली.

“अहो बाई, शेवटच्या ओव्हर्स चालू आहेत!” मालक कळवळला.

“मॅचचा निकाल उद्या पेपरात वाचा. माझा भाऊ उद्या परत रडायचा नाही!” म्हणत तिने स्वतःच बटण दाबलं.

एकच गिल्ला झाला. एक धिप्पाड पंजाबी ड्रायव्हर उठून उभा राहिला, “माताजी, ये क्या?”

“बैठो. ये मेरा दादा है,” मावशीने पडद्याकडे बोट केलं, मग बाजेवर बसलेल्या मामांकडे.

तेवढ्यात विलाप सुरू झाला. तो आवाज! आधी खालच्या पट्टीत, लेकाला झोपेतून हलकेच उठवावं तसा, आणि मग छाती फोडून बाहेर आलेला. निम्म्या लोकांना मराठी कळत नव्हतं. पण कुणी हललं नाही. बाजेवर मामांचे ओठ शब्दाला शब्द हलत होते, बिनआवाजी. ते त्या धिप्पाड ड्रायव्हरने पाहिलं. तो उठला, फुरफुरणारा स्टोव्ह बंद केला आणि मामांच्या पायाशी जमिनीवर येऊन बसला.

नाटक संपल्यावर मॅच लावा असं कुणी म्हणालं नाही. मालकाने न मागता चहा आणला.

परत येताना मामांनी रिक्षा नको अशी खूण केली. आम्ही रस्त्याच्या कडेने चालत निघालो. वाटेत त्यांनी मावशीचा तळहात ओढून घेतला आणि त्यावर बोटाने काही गिरवलं.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“म्हणतोय, शेवटच्या वाक्याला जरा घाई झाली,” मावशी म्हणाली आणि सवयीने भावाला दटावलं, “मग पुढच्या खेपेला सावकाश...”

वाक्य तिथेच राहिलं. तिने ती मूठ मिटली, आणि घर येईपर्यंत उघडली नाही.